निमुळत्या विटांची बैठक

रशीदभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीतल्या एका फाउंड्रीच्या थंड भट्टीत वाकून बसलो होतो. भट्ट्यांचं जुनं अस्तर फोडून विटा काढायच्या, हेच माझं नि रशीदभाईंचं भागीदारीतलं काम. फोनवर सगळं ऐकलं आणि तरीही हातातली वीट जपून बाजूला ठेवली... त्याची मला अजून लाज वाटते. ते असते तर म्हणाले असते, "आपटली असती तर मी परत आलो असतो व्हय?"

भट्टीतून निघालेली वीट म्हणजे कचरा, असं बहुतेकांना वाटतं. आम्ही टणक वीट पुन्हा लावायला द्यायचो, फुटकी दळून अस्तराच्या नव्या मसाल्यात घालायचो. रशीदभाईंना काही टाकणं जमायचंच नाही. त्या हट्टात चुकाही व्हायच्या. इंदापूरच्या बेकरीवाल्या तात्यांना त्यांनी पोलादाच्या भट्टीतल्या तपकिरी, जड विटांची भट्टी बांधून दिली. त्या विटा उष्णता धरत नाहीत, सरळ बाहेर सोडतात. आत पाव कच्चा आणि बाहेरची भिंत अशी तापली, की तात्यांच्या सुनेनं तिच्यावर पापड वाळवले. तात्या भडकले, तर हे म्हणाले, "भट्टी दोन्ही बाजूंनी चालती हाय, तात्या. तक्रार कसली?" मग स्वतःच ती उकलून साध्या पिवळ्या विटांची बांधून दिली.

आमच्या शेडमध्ये त्यांची एक बैठक होती. साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलरच्या कमानीतल्या निमुळत्या विटा, एक उलटी एक सुलटी रचलेल्या. ते गेल्यावर मी तिथं कुणाला टेकू दिलं नाही. रोज फडकं मारायचो. जिवंतपणी कधी आपणहून चहा विचारला नाही, त्याची भरपाई करत असेन.

गेल्या आठवड्यात तात्या आले. भट्टीची कमान खचली होती, बेकरी बंद होती. कमानीच्या विटा आमच्याकडं फक्त त्या बैठकीतच. "शोधतो," मी म्हणालो. तात्यांनी बैठकीकडं पाहिलं आणि मान हलवून निघून गेले.

मला राहवेना. लासुर्ण्याला रशीदभाईंच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, त्यामुळं दाराआडूनच बोलल्या.

"रोज फडकं मारता म्हणं?"

"व्हय."

"मी त्या माणसाला घरात घटकाभर बसवू शकले न्हाय. तुमी मेल्यावर बसवताय व्हय? विटा बसायला ठेवल्या व्हत्या, पुजायला न्हाय. देऊन टाका तात्यांना."

दाराआडून हसू ऐकू आलं... इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

काल इंदापूरला गेलो होतो. तात्यांनी कमान बसवून भट्टी हळूहळू तापवत आणली होती. मी वाकून आत पाहिलं. जुन्या उरलेल्या विटा आणि बैठकीतल्या विटा, सगळ्या जाळाच्या उजेडात एकसारख्या लाल. त्यांतल्या रशीदभाईंच्या बसायच्या कुठल्या, ते मला ओळखता आलं नाही. आणि त्याचं वाईट वाटलं नाही.