जावेचे डबे, शेजारणीचं दार

प्रोग्रामरबाई हुशार खऱ्या, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. डोळ्यांचे दोन दवाखाने एक होणार होते आणि सोमवारपासून पेशंटांची एकच रांग लावायचं काम बाईंकडे होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, "एकाचाही नंबर चुकला, तर पुढची कामं दुसऱ्याला."

बाईंच्या दवाखान्यातल्या रांगा म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट डेटा टाइप. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. पण तशाच दोन रांगा जोडायच्या तर बाईंचा प्रोग्राम दोन्हींच्या पोटात शिरतो आणि झटक्यात काम उरकतो. दुसऱ्या दवाखान्याचा प्रोग्रामर मात्र ऑब्जेक्टवाला, म्हणजे प्रत्येक रांग आपापल्या दाराआड बंद ठेवणारा. बाईंनी त्याचं नावच 'कुलूप' ठेवलं होतं.

"तुमची रांग आतून दाखवा."

"नाही. पुढचा कोण आणि तो कधी आला, एवढंच विचारा. उत्तर मिळेल."

"अहो, तीही रांगच ना? मग माझ्या रांगेपासून काय लपवायचंय?"

"माझ्या दोन रांगासुद्धा एकमेकींच्या पोटात बघत नाहीत, बाई."

बाई घरी येऊन जावेपुढे फणफणल्या. जाऊ भांडी पुसत म्हणाली, "माझे डबे न विचारता उघडतेस ते चालतं, आपलं स्वयंपाकघर एक. शेजारणीकडे साखर मागायला गेलीस, तर तिच्या फळीला हात घालशील? दारातच उभी राहशील ना?"

"तू गप गं!" म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही रांगांना दारातूनच विचारणारा प्रोग्राम लिहिला. जो आधी आला, तो आधी आत. काम जरा सावकाश चाले, पण चाले.

सोमवारी ऐन गर्दीत कुलुपाचं मशीन बंद पडलं. त्यानं पेशंटांच्या हातातल्या, आल्याची वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या बघून दुसऱ्या जुनाट मशीनवर रांग उभी केली, आतून अगदीच निराळ्या मांडणीची. आतल्या मांडणीवर विसंबलेला प्रोग्राम असता, तर बाई इथेच अडकल्या असत्या. त्यांच्या प्रोग्रामला मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्यानं विचारलं, पुढचा कोण? उत्तर आलं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजोबांना त्यांच्याच नंबरला आत बोलावलं गेलं.

बाईंनी फोन लावला. "कुलूपराव, मनापासून आभार. आत घेतलं नाहीत, म्हणून वाचले."

"मग आता तरी कुलूप म्हणू नका."

"म्हणणारच! चांगलं कुलूप मिळायला नशीब लागतं."

संध्याकाळी बाईंनी जावेला आयता चहा हातात दिला. साखर अर्थात तिच्याच डब्यातली, न विचारता घेतलेली.