पॉलिमरविरुद्धची माझी लढाई

माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर माझे साडू रमेशराव ती तिखटमीठ लावून सांगतील, आणि ते मला सहन होणार नाही!

सोयाबीन काढणी ऐन रंगात होती. रमेशरावांच्या थ्रेशरसाठी ग्रीस घ्यायला आम्ही मंगरूळपीरला रफिकभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी डबा उघडला. मी पत्रकार, बोट घातल्याशिवाय राहतो का? बोट बाहेर काढलं, तर पाकासारखी ही लांब तार! डब्यावर छापलेलं, 'पॉलिमरयुक्त'.

पॉलिमर? म्हणजे प्लास्टिकच की!

"रफिकभाई, ग्रीसमध्ये प्लास्टिक कालवता?"

"भेसळ नोहे भाऊ. बेरिंग तापलं का साधं ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. हे धरून राह्यते."

"मले शिकवता? कॉलेजात केमिस्ट्री होती मले!"

"मंग त तुमाले मालूमच पाह्यजे," रफिकभाई म्हणाले.

मी तडक शेजारच्या दुकानातून साधं ग्रीस उचललं.

शेतात आभाळ भरून आलेलं. सोयाबीनची गंजी उघडी. रमेशराव काकुळतीला आले, "साडूभाऊ, पानी याच्या पयले माल निंगाले पाह्यजे हो!"

"निंगते! तुमी फक्त व्हिडिओ काढा. शुद्ध ग्रीस काय असतं, पाहू द्या जिल्ह्याले!"

थ्रेशर सुरू झालं, त्याच्या बाजूला माझं भाषण सुरू झालं. भेसळखोरांवर मी असा काही तुटून पडलो, की विचारू नका! तेवढ्यात बेरिंग तापलं. ग्रीसचं झालं पाणी, आणि फिरत्या शाफ्टनं ते सगळं माझ्या तोंडावर भिरकावलं. बेरिंग किंचाळायला लागलं. मशीन बंद!

"साडूभाऊ, भाषण आटपा अन् ते प्लास्टिकवालं आना! पळा!"

त्याच काळ्या तोंडानं मी रफिकभाईंसमोर उभा राहिलो. बिचाऱ्यांनी डबा दिला, वर तोंड पुसायला फडकं दिलं. बेरिंग धुतलं, ते ग्रीस भरलं, आणि शेवटचं पोतं ताडपत्रीखाली गेल्यावरच पाऊस आला.

पण रमेशराव गप्प बसतात का? व्हिडिओ पोचला रफिकभाईंकडे. आता तो दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर चालतो! मी तणतणत गेलो.

"बंद करा! बदनामी आहे ही माझी!"

"बदनामी कायची भाऊ? लोक पाह्यतात अन् गुमान डबा घेऊन जातात," रफिकभाई शांतपणे म्हणाले. "इतक्या वर्षांत तुमची ही पह्यलीच बातमी हाय, जिच्यावर लोकायनं इस्वास ठेवला!"