साडूकडचा गाळ

सांडपाणी केंद्रावर सगळे त्याला डॉक्टर म्हणत. शिक्षण जेमतेम बारावी, पण ऐट सर्जनची. त्याचे पेशंट म्हणजे टाकीतले सूक्ष्म जीव. तळातून हवा मिळत राहिली की ते शहराची घाण खातात आणि नदीत सोडण्याजोगं पाणी मागे ठेवतात. रोज सकाळी डॉक्टर टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या नळीत भरून अर्धा तास ठेवायचा. गाळ, म्हणजे या जीवांचेच पुंजके, खाली बसला, वर नितळ पाणी आलं, की स्वारी खूश. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली.

शेजारच्या गावातलं केंद्र त्याचा साडू सांभाळायचा. सासुरवाडीला गाठ पडली की डॉक्टर सगळ्यांदेखत विचारायचा, "काय साडूभाऊ, गाळ बसतो की अजून तरंगतोच?" साडू बिचारा कसनुसा हसायचा.

एका सोमवारी डॉक्टरचाच गाळ बसेना. थेंबात काहीच हलेना. कुणीतरी गटारात ॲसिड ओतलं होतं. केंद्राच्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "आपोआप सावरायला महिना लागेल, तोवर घाण नदीत जाणार. नाहीतर दुसरीकडून जिवंत गाळ आणा."

दुसरीकडून म्हणजे साडूकडून! डॉक्टर तासभर फोनकडे बघत बसला आणि शेवटी नाक मुठीत धरून लावला.

"किती टँकर?" साडूने एवढंच विचारलं. दुपारी पहिल्या टँकरबरोबर तो स्वतःच हजर.

सहाव्या दिवशी थेंबात वळवळ दिसली. डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. त्याने साडूला फोन केला. "एखादा टोमणा मारायचा होतात हो, मला बरं वाटलं असतं."

"नको. तीन वर्षांपूर्वी माझीही टाकी मेली होती. तुम्ही हसाल म्हणून मागितलं नाही. महिनाभर घाण नदीत गेली."

डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभराने सासूबाईंकडे जेवताना विषय निघालाच. डॉक्टर मोठ्याने म्हणाला, "माझी टाकी साडूभाऊंच्या गाळावर जगतेय. आता त्यांना काही लागलं तर आधी मला सांगायचं. हसलो तर खुशाल कान धरा."

साडू घुटमळला. "मग सांगतो. तुम्हाला दिल्यापासून माझ्याकडे गाळ कमी पडतोय. पाणी नीट साफ होत नाही."

"आणि हे आत्ता सांगताय?" डॉक्टर ताटावरून उठला आणि हात धुता धुताच त्याने टँकरवाल्याला फोन लावला.