धुळ्याचं लायसन्स

कॅनडातून कायमची परत आले तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन लायसन्स होती. एक तिकडचं, प्लास्टिकचं, चकचकीत. त्यावर अठरा वर्षं मी बर्फातून गाडी चालवली. दुसरं धुळ्याचं, लहानशा पुस्तकासारखं, कोपरे झिजलेलं, मुदत संपून जमाना झालेलं. पहिलं इथे चालत नव्हतं. दुसऱ्यावर ज्या मुलीचा फोटो होता ती मीच आहे, हे मला सिद्ध करता येत नव्हतं.

गाडीची घाई मला माझ्यासाठी नव्हती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा आमच्या गावाहून, असोद्याहून, जळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. जाताना ते ठीक असतात. येताना अंगातलं सगळं बळ गेलेलं असतं, आणि त्या अवस्थेत शेअर रिक्षात चार माणसांच्या मध्ये चेपून बसायचं. एकदा त्यांना रिक्षातच उलटी झाली. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला आणि आबा तिची माफी मागत राहिले. आयुष्यात कोणाला 'चुकलं' न म्हटलेला माणूस. त्याच आठवड्यात मी जुनी गाडी विकत घेतली आणि अंगणात आणून उभी केली.

गावात सगळे म्हणाले, चालव की, लायसन कोन इचारतं? पण अठरा वर्षं लाल दिव्याला मोकळ्या रस्त्यावरही थांबलेली बाई मी. आजारी माणूस मागे बसवून बिनलायसन्सची गाडी काढायची माझी छाती झाली नाही.

जळगावच्या आरटीओ ऑफिसात कारकुनाने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, हे धुळ्याचं आहे. तिथल्या जुन्या रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढवून आणा. मग इथे टेस्ट द्या." बोलणं सरळ होतं. मी धुळ्याची एसटी धरली.

धुळ्याला मी कॉलेजात असताना मामांकडे राहायचे. त्यांच्या जीपवर शिकले आणि पहिल्या फटक्यात पास झाले. तिथल्या आरटीओत रेकॉर्डवर एक पिकल्या केसांचे कारकून होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी तासाभरात धुळीतून माझी नोंद काढली. मग माझं आधार कार्ड बघितलं, रजिस्टर बघितलं, पुन्हा मला बघितलं.

"ताई, पोरगी तर सापडनी. पन ती तुम्हीच शेतस का?"

त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलून भागत नाही, नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि पेढे खायचे. मीही खाल्ला. पासपोर्ट, बँक, आधार, सगळीकडे ते तांदळातलं नाव लागलं. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, म्हणजे आमचा घटस्फोट झाला, पण त्याने ठेवलेलं नाव काही गेलं नाही. लग्नाचे कागद त्याच्याकडे आहेत आणि माझ्या मेलला तो उत्तर देत नाही.

"मंग वडिलांचं प्रतिज्ञापत्र आना," भाऊ म्हणाले. "दोन्ही नावांची बाई एकच, येवढंच लिखी आना."

जळगावच्या वकिलाने स्टँप पेपरवर मजकूर करून दिला. ही माझी मुलगी, लग्नापूर्वीचं नाव हे, लग्नानंतरचं हे, सध्या घटस्फोटित असून माझ्या घरी राहते. आबांना संध्याकाळी चष्मा दिला आणि कागद दिला. त्यांनी सावकाश वाचला आणि घडी करून परत दिला.

"मी सही करनार नाही."

"का?"

"हा कागद चार हातातून जाईन. लोकाइले काय सांगू मी?"

गावाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की जावई कामात अडकलेत, लेक बापाच्या आजारपणाला आलीय. घटस्फोट झाल्यापासून चार वर्षं हा माणूस गावाशी खोटं बोलत होता आणि त्याला ते जड जात नव्हतं. माझं खरं मात्र जड जात होतं. 'घटस्फोटित' हा एक शब्द खोडून दुसरा कागद करता आला असता. कारकुनाला घटस्फोटाशी काय देणंघेणं? नव्या नावावर पहिल्यापासून शिकाऊ लायसन्सही काढता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. बापाने एकदा तरी, एका कागदावर तरी, माझी खरी हकिगत कबूल करावी, असा हट्ट मी धरून बसले. बापाची लेक. माझ्या हट्टापायी आबांनी आणखी दोन महिने रिक्षाचे धक्के खाल्ले, तेही इथे लिहून ठेवते. मला त्याची लाज वाटते. त्यांना कशाची वाटत नव्हती ते मला नंतर कळलं.

एका सकाळी हॉस्पिटलची फाईल सापडेना म्हणून मी त्यांचं लोखंडी कपाट उपसत होते. खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक हक्कसोडपत्र निघालं. माझंच.

सहा वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आले होते. पुण्याचा धाकटा भाऊ भल्या सकाळी गाडी घेऊन दारात हजर. "ताई, फक्त एक सही आहे," म्हणाला. आमच्याकडे बहिणी जमिनीवरचा हक्क भावाला सोडून देतात. सोडला नाही तर माहेर सुटतं, असं कोणी बोलून दाखवत नाही, पण लहानपणापासून ते ठाऊक असतं. मी निबंधकाच्या ऑफिसात हसत हसत सही केली. कॅनडात बसून मला शेताचं काय करायचं होतं? वहिनीने मोरपंखी साडी नेसवली, ओटी भरली, रस्त्यात भावाने उसाचा रस पाजला. न वाचता सही केली हा माझा शहाणपणा.

आता वाचलं. मागे आबांचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं. माझं लग्नाआधीचं नाव, पुढे 'उर्फ', पुढे तांदळातलं नाव. या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी सख्खी मुलगी आहे, हे मी शपथेवर सांगतो. खाली आबांची ठसठशीत सही. भावाला जमीन बिनबोभाट मिळावी म्हणून मी दोन नावांची एक बाई होते. त्याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती.

मी तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"आबा, इथे सही करताना लोकांना काय सांगितलं होतं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तवा येगयं व्हतं," एवढंच म्हणाले. तेव्हा वेगळं होतं म्हणे.

मी भांडले नाही. मला रडू आलं आणि त्याचाच जास्त संताप आला. माझा स्टँप पेपर मी फाडून टाकला आणि दुसऱ्या दिवशी ते हक्कसोडपत्र घेऊन धुळ्याला गेले. रेकॉर्डवरच्या भाऊंनी बोट फिरवत प्रत्येक ओळ वाचली. वाचताना मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

"हाई चालस, ताई," ते म्हणाले. "बठ्ठं शे यामा." खरंच, सगळं होतं त्यात.

नोंद चढली. जळगावला टेस्ट दिली, पास झाले, पुढे कार्ड पोस्टाने घरी आलं. जमीन सोडल्याच्या कागदावर मला गाडी मिळाली. सौदा वाईट नाही, असं मी मलाच दोन-तीनदा बजावलं.

पहिल्यांदा आबांना नेलं त्या सकाळी ते माझ्याशेजारी पुढे बसले. पट्टा मी लावून दिला. गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी काच वर ठेवली होती, मग खाली केली. वळणावर आमची केळीची बाग लागते. घड निळ्या पिशव्यांनी झाकले होते, ठिबकच्या नळ्या नव्या दिसत होत्या. आबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

"औंदा केयी चांगल्या हायेत आपल्या," ते म्हणाले.

"कोणाच्या?" मी विचारलं.

आबांनी काच पुन्हा वर केली.