प्लास्टिकच्या पिशवीतलं पान

नेरिडा हॉब्डेच्या फाटकाला एक आकडा आहे. आमच्या कॅनबेराच्या या टोकाला कुणाच्या टोमॅटोची पानं वळली, गुलाबावर काळे डाग पडले, की लोक ते पान कागदी पिशवीत घालून तिथे अडकवून जातात. संध्याकाळपर्यंत पिशवीवर पेन्सिलीने उत्तर लिहिलेलं असतं. तीस वर्षं रोपवाटिकेत कुंड्यांना पाणी घालता घालता तिला हे ज्ञान आलं. त्याआधी ती शाळेत शिकवायची. ती नोकरी माझ्यामुळे गेली.

१९८६ साली मी पोलिसात होतो. सायकल चोरीला गेली म्हणून तिनेच आम्हाला बोलावलं होतं. तिने चहा दिला, केक दिला. मी तो खाल्ला, हात धुवायला मागच्या नळावर गेलो आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे मला गांजाची चार झाडं दिसली. उपटून पुराव्याच्या पिशव्यांत भरली. तिला दंड झाला, शाळेने काढून टाकलं. मला शाबासकी मिळाली आणि मी गाढवासारखा ती वर्षभर मिरवत राहिलो. पुढे दुकानात ती दिसली की मी रस्ता ओलांडायचो.

आता कायदा बदलला. माणशी दोन झाडं चालतात. माझ्या बायकोची, कॉलीनची, बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. गेल्या वर्षी शेडमागे लावलेल्या झाडाचं तेल केलं, तेव्हा कुठे तिला धड झोप लागायला लागली. ते तेल संपत आलंय. यंदा दोन झाडं लावली, तर फेब्रुवारीत खालच्या पानांवर पिवळे-तपकिरी डाग पडले आणि पानं गळायला लागली. मी खत घातलं, साबणाचं पाणी मारलं. काही उपयोग झाला नाही.

"नेरिडाला दाखव," कॉलीन म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

"दुसरं आहे कोण? तुला लाज वाटते म्हणून माझी बोटं ठणकत ठेवायची का, डग?"

मी शेडमागे गेलो. पान खुडलं, जुन्या सवयीने प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केलं आणि वर तारीख, ठिकाण घालून सही ठोकली. आकड्याला अडकवून पळ काढायचा बेत होता. पण बाई फाटकातच उभ्या.

"या, सार्जंटसाहेब. आज काय पकडून आणलंत?"

मी पिशवी पुढे केली. उन्हात आतलं पान घामेजून काळं पडलं होतं, पार लगदा. तिने वरचं सगळं वाचलं.

"अगबाई, सहीसुद्धा! पान कागदात आणायचं असतं हो, प्लास्टिकमध्ये कुजतं. माझी चारही अशीच नेली होतीत."

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

"यातून काही कळायचं नाही," ती म्हणाली. "झाडच बघायला हवं. चला."

शेडमागे तिने वाकून एका पानावर भिंग धरलं. "हे बघा. डागात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके आहेत ना? बुरशी आहे ही. तुमचं खत गेलं फुकट. पाणी कसं घालता?"

"पाइपने. वरून, संध्याकाळी."

"म्हणजे अंघोळच घालता! मातीतली बुरशी उडते ती खालच्या पानांवर बसते, आणि पानं रात्रभर ओलीच. शिवाय दोन्ही झाडांना इतकं खेटून ठेवलंय! ही काय कोठडी आहे?"

डागाळलेली पानं तिने स्वतः खुडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावली, खताच्या ढिगात नाही. बुडाशी गवत पसरा म्हणाली, पाणी सकाळी, मुळाशीच. "शेंडे कोरे आहेत. वाचतील."

तेवढ्यात कॉलीन दोन्ही हातांनी ट्रे सांभाळत आली. चहा आणि केक. तो ट्रे बघून मला राहवेना.

"नेरिडाबाई, त्या दिवशी मी तुमचा चहा प्यायलो आणि..."

"लिंबाचा केक होता," ती म्हणाली. "दोन तुकडे खाल्लेत."

"चुकलं माझं. फार चुकलं."

ती नळावर हात धूत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "माझी सायकल सापडली का हो?"

अडतीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "शोधलीच नाही. तक्रारसुद्धा लिहून घेतली नाही मी."

तिने स्कर्टला हात पुसले. केकला हात लावला नाही.

"शनिवारी पुन्हा बघून जाईन झाडं," ती कॉलीनला म्हणाली. "चालतच येईन."