स्वल्प निळा

आमच्या घरमालक अण्णांइतकी चित्रकलेची चेष्टा जगात कुणी केली नसेल, आणि त्यांच्याइतकं एखादं चित्र कुणी जिवाला लावूनही घेतलं नसेल. नव्वदीच्या सुरुवातीला मी जे. पी. नगरात त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. शाळेत चित्रकला शिकवायचो आणि उरलेल्या वेळात अमूर्त चित्रं काढायचो. अण्णा निवृत्त सर्वेअर. घराणं तीनशे वर्षं इथं कानडी मुलखात मुरलेलं, त्यामुळे मराठीला कानडीची फोडणी. हयात जमिनीला साखळी लावण्यात गेल्याने समोर येईल ते त्यांना नकाशाच वाटे. पानात दोसा पडला तरी आधी फिरवून उत्तर दिशा लावायचे. एकदा हौसेने प्रदर्शनाला नेलं, तर भर दालनात चित्रकाराला म्हणाले, "सगळं सरी, ठीक हो, पण स्केल काय धरलंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी 'शहर' काढलं. करडे, तांबडे चौकोन आणि मधोमध एक निळा डाग. निळा कशाला, तर रंग उरला होता म्हणून! अण्णा त्यापुढे तासभर उभे राहिले. "हे आमचं केरे हो, मास्तर. तळं. मी मोजलंय." पलीकडच्या वसाहतीच्या जागी ते होतं म्हणे. मोजणीच्या वेळी त्यांचे साहेब म्हणाले, पाणी स्वल्पच आहे, अ‍ॅडजस्ट करा. अण्णांनी नकाशावर 'कोरडी जमीन' लिहिलं आणि खाली सही ठोकली. "स्वल्प म्हणाले हो! माझ्या गळ्याइतकं होतं." आम्हा पुणेकरांना स्वल्प ठाऊक तो विरामापुरता. इथे त्या एका शब्दावर तळी बुजतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून दर रविवारी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून अण्णा त्या डागापुढे येऊन बसायचे. जाताना बजावायचे, "हे पुसू नका हं. कुठंतरी नोंद राहू दे."

पुढे कोरमंगलातल्या एका कंपनीच्या माणसाने ते चित्र पसंत केलं. तोही पुण्याचाच. "मस्तच आहे सर, फक्त तो ब्लू आमच्या सोफ्यांशी जात नाही. थोडं अ‍ॅडजस्ट कराल?" आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र कुणी मागत होतं. लाज सोडून मी करड्याचे दोन हात फिरवले.

रविवारी अण्णा आले. चित्राकडे बघत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सरी," एवढंच म्हणाले. मग हळूच विचारलं, "खाली सही केलीत?"

"केली, अण्णा."

ते कठडा धरून जिना उतरले, आणि पुन्हा कधी माडीवर आले नाहीत.

आता माझ्या प्रत्येक चित्रात निळा असतो. स्वल्प नव्हे, चांगला गळ्याइतका. पण उत्तर कुठे, हे विचारायला अण्णा राहिले नाहीत.