न तपासता लावलेलं हिरवं स्टिकर

चूक माझी होती, आधी तेच लिहितो. रायपूरच्या एका इस्पितळात मी इलेक्ट्रिशियन आहे. रुग्णांनी घरून आणलेली विजेची वस्तू मीटरने तपासायची आणि मगच तिच्यावर हिरवं स्टिकर लावायचं, हे माझं काम. त्या स्टिकरच्या डिंकाचा वास आला की मे महिन्यातली एक दुपार अजून अंगावर येते. बीरगांवच्या एका बाईंनी आजारी नवऱ्यासाठी घरचा लोखंडी टेबलफॅन आणला होता. "भाऊ, लवकर करा ना, माणूस उकडून राहिला इकडे," त्या म्हणाल्या. या हिंदी मुलखात आपली मराठी बोली ऐकून मी विरघळलो. "घरचंच काम आहे, ताई," म्हणत मीटर पिशवीतच ठेवून स्टिकर लावलं. तासाभरात वॉर्डातून किंकाळी आली. ओल्या फडक्याने जाळी पुसताना त्यांना झटका बसला होता. त्या फरशीवर पडलेल्या, तळहात भाजलेला, आणि पलंगावरून उठता न येणारा नवरा नुसत्या हाका मारत होता. "गीले हाथ से क्यों छुआ, दीदी?" नर्स ओरडली. "हव, माझंच चुकलं," त्या रडत म्हणाल्या. मी प्लग हातात घेऊन पाहिला. घरच्या बोर्डात बसावा म्हणून त्याची तिसरी, झटक्यापासून वाचवणारी अर्थिंगची पिन कापलेली होती. नुसतं पाहिलं असतं तरी दिसलं असतं. तरी मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला हात सांभाळत त्याच मला म्हणाल्या, "माझ्यापायी तुम्हाले बोलणी तर नाही ना बसली, भाऊ?" तेव्हा मात्र राहवलं नाही. "ताई, मी पंखा तपासलाच नव्हता. स्टिकर खोटं होतं. तुमचं काही चुकलं नाही. मले माफ करा."